संत देवसहायम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाताळचा गोठा आवरायला घेतला की संत देवसहायमांच्या १४ जानेवारीच्या सणाबद्दल विचारणा सुरू होते. धर्मशिक्षणाच्या वर्गातली मुलं विचारतात, त्यांच्या आया विचारतात, मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, आवारात रेंगाळणारी वडीलधारी मंडळी विचारतात, आणि माझ्या काही हिंदू मैत्रिणीही. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्याशी जुळतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. देवसहायम कोण होते? थोडक्यात सांगाल का?

अठराव्या शतकातल्या त्रावणकोर राज्यातले एक सरकारी अधिकारी. मूळ नाव नीलकंठ पिल्लै. जन्म २३ एप्रिल १७१२, नट्टालम गावी. १७४५ मध्ये ते ख्रिस्ती झाले, १७४९ मध्ये पकडले गेले, जवळजवळ तीन वर्षं बेड्यांत राहिले आणि १४ जानेवारी १७५२ रोजी अरलवायमोळीजवळच्या डोंगरावर त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. १५ मे २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी रोममध्ये त्यांना संत म्हणून घोषित केलं.

काळाचा अंदाज यावा म्हणून आपल्या इतिहासाशी जोडून सांगते. चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला १७३९ मध्ये, तेव्हा नीलकंठ सत्तावीस वर्षांचे होते. शाहू महाराज वारले १७४९ च्या डिसेंबरात, तेव्हा देवसहायम कैदेत होते.

२. ते 'प्रापंचिक' संत आहेत म्हणजे नेमकं काय?

म्हणजे ते फादर नव्हते, ब्रदर नव्हते, कुठल्या मठात राहत नव्हते. लग्न झालेले होते, नोकरी होती, घरदार होतं, डोक्यावर वरिष्ठ होते. चर्चमध्ये आपण बाकांवर बसतो, त्या बाकांवरचा हा माणूस. बाप्तिस्मा झाल्यापासून मरेपर्यंत त्यांना जेमतेम पावणेसात वर्षं मिळाली आणि त्यातली जवळजवळ तीन कैदेत गेली. म्हणजे मोकळेपणी ख्रिस्ती म्हणून जगायला चार वर्षंसुद्धा नाहीत. हे गणित मी वर्गात फळ्यावर मांडते तेव्हा मुलं एकदम गप्प होतात.

३. ते पहिले भारतीय संत आहेत असं सगळीकडे लिहून येतं. मग आपले वसईचे संत गोन्सालो गार्सिया?

वसईच्या माणसाला हा प्रश्न पडणारच. संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म वसईचा. फ्रान्सिस्कन संघाचे धर्मबंधू म्हणून ते जपानला गेले, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला त्यांना क्रूसावर खिळण्यात आलं आणि १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. भारतात जन्मलेले पहिले संत तेच. गासचं चर्च आणि वसईतलं कॉलेज त्यांच्याच नावाचं आहे.

पण गोन्सालो गार्सिया व्रतस्थ होते. त्यांच्यानंतर संतपदाला पोचलेले आपले बाकीचे संत, केरळच्या अल्फोन्सा असोत, चावरा असोत, मरियम थ्रेसिया असोत किंवा गोव्यात जन्मलेले जोसेफ वाझ, हे सगळे धर्मगुरू नाहीतर व्रतस्थ. देवसहायम हे पहिले भारतीय प्रापंचिक संत. 'प्रापंचिक' हा शब्द गाळला की वाक्य चुकतं, आणि बातम्यांमध्ये नेमका तोच गळतो.

जाता जाता एक गोष्ट. नागासाकीला गोन्सालो गार्सियांसोबत जे पंचवीस जण मारले गेले, त्यांतले सतरा जण प्रापंचिक होते. त्यांची नावं आपल्याकडे कोणी घेत नाही.

४. ते तमिळ होते की मल्याळी? दोन्हीकडचे लोक आपले म्हणतात.

दोन्हीकडच्यांचा हक्क आहे. नट्टालम, पद्मनाभपुरम, कोट्टार ही सगळी ठिकाणं तेव्हा त्रावणकोरमध्ये होती. त्रावणकोरची राजधानीच पद्मनाभपुरमला होती. राज्य पुनर्रचनेत १ नोव्हेंबर १९५६ रोजी कन्याकुमारीचा भाग तेव्हाच्या मद्रास राज्यात गेला, म्हणून आज ही गावं तमिळनाडूत आहेत. त्या पट्ट्यात आजही दोन्ही भाषा सहज कानावर पडतात. सीमाभागातल्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

५. ते ब्राह्मण होते ना?

वडील नंबुदिरी ब्राह्मण होते, आई देवकी अम्मा नायर. नायर कुटुंबांत तेव्हा मातृवंशाची पद्धत होती. मूल आईच्या घराण्याचं, वारसा मामाकडून भाच्याकडे. त्यामुळे नीलकंठ वाढले आईच्या घरी आणि जातीने नायरच गणले गेले. 'ब्राह्मणाने धर्म सोडला' असं जे सांगितलं जातं ते बरोबर नाही. नायर म्हणजे राज्यातला लढवय्या, जमीनदार, दरबारात वजन असलेला समाज, आणि ही माहिती पुढे प्रश्न १० मध्ये उपयोगी पडेल.

६. डच सेनापतीने त्यांना ख्रिस्ती केलं, हे खरं का?

अर्धं खरं.

१७४१ मध्ये कुलचलच्या किनाऱ्यावर त्रावणकोरचे राजे मार्तंड वर्मा यांनी डच ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेचा पराभव केला. भांडण मिरीच्या व्यापाराचं होतं. पकडलेल्या गोऱ्यांमध्ये युस्टेशियस डी लॅनॉय नावाचा एक अधिकारी होता. राजाने त्याला कोठडीत सडत ठेवलं नाही. त्याचं कसब ओळखून त्यालाच फौज कवायती पद्धतीने तयार करायला लावलं, किल्ले बांधायला लावलं. पुढे हा माणूस 'वलिय कप्पित्तान', म्हणजे थोरला कप्तान, म्हणून ओळखला जाऊ लागला आणि मरेपर्यंत त्रावणकोरच्याच चाकरीत राहिला. उदयगिरी किल्ल्यात त्याची कबर आहे. तिच्यावर लॅटिन आणि तमिळ अशा दोन भाषांत मजकूर कोरला आहे.

डी लॅनॉय नोकरीला डचांच्या होता, पण धर्माने कॅथलिक. नीलकंठ दरबारी अधिकारी, त्यामुळे कामाच्या निमित्ताने दोघांची गाठ पडत असे. कामावरची ओळख पुढे मैत्रीत बदलली. त्या सुमाराला नीलकंठांच्या घरावर संकटं कोसळली होती. गुरं दगावली, पिकं गेली. डी लॅनॉयने त्यांना बायबलमधल्या ईयोबाची गोष्ट सांगितली. देवभीरू माणूस, सगळं वैभव जातं, मुलं जातात, अंगभर फोड उठतात, मित्र येऊन म्हणतात की तुझंच काहीतरी चुकलं असणार, आणि तो देवाशी भांडतो पण देवाला सोडत नाही.

एवढं डी लॅनॉयने केलं. पुढचे प्रश्न नीलकंठांनी विचारले, चालून जायचं ते तेच गेले. बाप्तिस्मा देणारा कप्तान नव्हता (प्रश्न ८).

७. म्हणजे गुरं मेली म्हणून धर्म बदलला? मग तो संकटातून सुटण्यासाठीच झाला ना?

हा प्रश्न सरळ मनाने विचारला जातो, म्हणून उत्तरही सरळ देते. संकटात माणूस देवाकडे वळतो यात कमीपणा काही नाही. पण ईयोबाची गोष्ट 'देवाला धर, तुझी गुरं परत येतील' असं सांगायला कोणी सांगत नाही. दुःख हे पापाचं फळ असतंच असं नाही, हा तिचा गाभा आहे, आणि 'माझ्या कुठल्या चुकीची ही शिक्षा?' हा प्रश्न उराशी घेऊन बसलेल्या माणसाला तिने मोकळं केलं असावं असं मला वाटतं.

आणि फायद्याचा हिशेब मांडायचा तर मांडू. बाप्तिस्म्यानंतर त्यांना काय मिळालं? नोकरी गेली, मान गेला, जातीतून उठले, शेवटी जीव गेला. सुटका हवी असणाऱ्याने १७४९ मध्ये पहिल्याच आठवड्यात माघार घेतली असती.

८. बाप्तिस्मा कुठे झाला? आणि 'देवसहायम' हे नाव कुठून आलं?

१४ मे १७४५ रोजी, वडक्कनकुळम गावी. येशूसंघाचे इटालियन धर्मगुरू जोव्हानी बत्तिस्ता बुत्तारी यांच्या हातून. गाव आजच्या तिरुनेलवेली जिल्ह्यात आहे, तेव्हा ते त्रावणकोरच्या हद्दीबाहेर होतं. राजाच्या माणसाने राजाच्या डोळ्यांदेखत धर्म बदलणं सोपं नव्हतं, म्हणून डी लॅनॉयने चिठ्ठी देऊन त्यांना तिकडे पाठवलं. फादर बुत्तारींनी लगेच होकार दिला नाही. हा माणूस कशापायी आला आहे, पुढे छळ झाला तर टिकेल का, हे त्यांना आधी पाहायचं होतं.

नाव मराठी माणसाला फोड न करता कळतं: देव आणि सहाय. बायबलमधल्या 'लाजर' या नावाचा मूळ हिब्रू अर्थ 'देवाने साहाय्य केलं' असा आहे, आणि त्याचंच हे तमिळ रूप. म्हणून रोमच्या कागदपत्रांत त्यांचं नाव लॅझरस असं येतं. दोन वेगळी माणसं नाहीत.

९. त्यांच्या पत्नीचं काय झालं?

हा प्रश्न बायकाच विचारतात.

त्यांचं नाव भार्गवी अम्माळ. त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, नाव तेरेजा. तमिळमध्ये त्यांना ज्ञानपू अम्माळ म्हणतात, पू म्हणजे फूल. मातृवंशाच्या पद्धतीत नायर स्त्रीचा आधार असायचा तिचं माहेरचं घराणं. धर्म बदलल्यावर तोच तुटला. नवरा गेल्यावर त्या माघारी फिरल्या नाहीत. वडक्कनकुळमला जाऊन राहिल्या आणि तिथेच त्यांचा अंत झाला. त्या संत नाहीत, त्यांचा सण नाही. पण देवसहायमांच्या सणाला मी त्यांचं नाव घेतल्याशिवाय राहत नाही.

१०. केरळात तर ख्रिस्ती लोक कितीतरी आधीपासून होते. मग राजाने यांनाच का पकडलं?

मला येणाऱ्या प्रश्नांतला हा सगळ्यात चांगला प्रश्न. उत्तर लांब आहे.

त्रावणकोरमध्ये संत थॉमस परंपरेचे ख्रिस्ती होते, किनाऱ्यावर कोळी समाजातले ख्रिस्ती होते. खुद्द सेनापती डी लॅनॉय कॅथलिक होता. राजाने त्यांची चर्चेस पाडली नाहीत. 'मार्तंड वर्मांनी ख्रिस्त्यांची कत्तल केली' असं कोणी सांगत असेल तर ते चूक आहे, आणि देवसहायमांचं नाव घेऊन असं सांगणं तर फारच चूक.

मग बिनसलं कुठे? परदेशी कप्तान कॅथलिक असला तर चालत होतं. कोळीवाड्यात चर्च असलं तर चालत होतं. प्रत्येकाची जागा ठरलेली होती. देवसहायमांनी आपली जागा सोडली. ज्या नायर समाजाच्या खांद्यावर राज्य उभं होतं, त्यातला एक दरबारी उघडपणे वेगळ्या धर्माचा झाला आणि ज्यांची सावली टाळायची त्यांच्या पंगतीला बसू लागला. सगळी माणसं सारखी, हे तो बोलू लागला. त्यांना संत घोषित करताना रोमने दिलेल्या चरित्रातही हीच बाब आहे: जातीभेद न मानता सर्वांच्या समानतेवर त्यांनी जोर दिला, त्यातून वरच्या वर्गाचा रोष ओढवला आणि १७४९ मध्ये त्यांना अटक झाली.

आता राजाच्या बाजूनेही पाहू. मार्तंड वर्मांनी गादीवर आल्यावर 'एट्टुवीट्टिल पिल्लमार', म्हणजे आठ घरच्या बलाढ्य नायर सरदारांचं बंड मोडून काढलं होतं. नायर दरबारी आणि दगाफटका ही जोडी त्यांच्या मनात पक्की बसलेली. त्यातच जानेवारी १७५० मध्ये त्यांनी आपलं सारं राज्य श्रीपद्मनाभस्वामींच्या चरणी वाहिलं आणि स्वतः 'पद्मनाभदास' म्हणून, देवाचा चाकर म्हणून, राज्य करू लागले. त्या दिवसापासून राजनिष्ठा आणि देवनिष्ठा एकच झाली. हे घडलं तेव्हा देवसहायम आधीच कैदेत होते. त्यांच्या सुटकेची वाट त्यानंतर आणखी अरुंद झाली असणार.

११. काही इतिहासकार म्हणतात की त्यांना धर्मासाठी नाही, राजद्रोहासाठी शिक्षा झाली. मग ते हुतात्मा कसे?

हा आक्षेप खरोखरच घेतला गेला आहे आणि तो झटकून टाकू नये. त्रावणकोरच्या इतिहासाचे काही अभ्यासक म्हणतात की धर्म बदलला म्हणून कोणाला मृत्युदंड दिल्याचं राज्याच्या दफ्तरात आढळत नाही. देवसहायमांवर परकीयांना राज्याची गुपितं पुरवल्याचा ठपका होता, असंही सांगितलं जातं.

दुसऱ्या बाजूला काय आहे? कोचीचे बिशप क्लेमेंट जुझे यांनी १७५६ मध्ये रोमला पाठवलेला अहवाल. म्हणजे घटनेनंतर चार-पाच वर्षांत, पाहणारी माणसं हयात असताना लिहिलेला. त्यात या मृत्यूची हकीकत आहे. शिवाय कोट्टारच्या कबरीवर लोक तेव्हापासून सतत येत आहेत.

मला स्वतःला दोन गोष्टी निर्णायक वाटतात. गुपितं फोडणाऱ्याला राजे लोक त्या काळी तीन वर्षं जिवंत ठेवून गावोगाव फिरवत नसत. आणि ज्या गोऱ्याशी संगनमत झाल्याचा संशय घ्यायचा, तो डी लॅनॉय मात्र राजाचा उजवा हात बनून १७७७ पर्यंत सन्मानाने जगला. राजद्रोहाचा आरोप ठेवला गेला नसेल असं मी म्हणत नाही. आरोप ठेवले जातात. चर्चने चौकशीत जो प्रश्न लावून धरला तो असा, की मारणाऱ्यांना या माणसातलं काय खुपत होतं आणि मरणाऱ्याने काय सोडायला नकार दिला. श्रद्धेच्या द्वेषापोटी मृत्यू आला असा निष्कर्ष निघाला आणि २८ जून २०१२ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं.

१२. तीन वर्षांत त्यांचे नेमके काय हाल केले? मुलांना सांगण्यासारखं आहे का?

लहान मुलांना सगळं सांगू नका. मोठ्यांना सांगा, पण रंगवून नको.

परंपरा सांगते की त्यांना रेड्यावर उलटं बसवून गावागावांतून नेलं, गळ्यात रुईच्या फुलांची माळ घातली. आपल्याकडे गाढवावरून धिंड काढत, तसंच हे. रुईची माळ आपण शनिवारी मारुतीला घालतो, तिकडे तेव्हा ती देहदंडाच्या कैद्याच्या गळ्यात पडायची. रोज फटके. जखमांवर आणि नाकपुड्यांत मिरपूड चोळायचे. उन्हात बांधून ठेवायचे. प्यायला साचलेलं पाणी द्यायचे.

त्या मिरपुडीपाशी मी थांबते. कुलचलची लढाई मिरीसाठी झाली, त्या लढाईमुळे डी लॅनॉय त्रावणकोरला राहिला, त्याच्यामुळे नीलकंठांना ईयोब भेटला, आणि अखेर तीच मिरी जखमांवर चोळली गेली.

पण हालांपेक्षा मला त्यातल्या दिवसांची संख्या मोठी वाटते. २३ फेब्रुवारी १७४९ ते १४ जानेवारी १७५२. एका क्षणात तलवार पडते तेव्हा विचार करायला वेळ नसतो. इथे रोज सकाळी एक 'हो' म्हटलं की घर, पगडी, पद सगळं परत मिळण्यासारखं होतं. हजारावर सकाळी त्यांनी 'नाही' म्हटलं. पेरुविळै या गावी त्यांना कडुनिंबाच्या झाडाला महिनोन्‌महिने बांधून ठेवलं होतं. तिथे उलटंच झालं: माणसं त्यांना बघायला, त्यांच्याकडून प्रार्थना करून घ्यायला जमू लागली, पहारेकरीही नरमले. त्यानंतर त्यांना लोकांपासून दूर, अरलवायमोळीच्या जंगलात नेण्यात आलं.

१३. खडकातून पाणी निघालं, दगड घंटेसारखा वाजतो, हे सगळं मानलंच पाहिजे का?

नाही. चर्च तशी सक्ती करत नाही. ही लोकपरंपरा आहे, श्रद्धेचा सिद्धांत नव्हे.

पुलियूरकुरिचीला तहानेने व्याकूळ होऊन त्यांनी खडकावर कोपर आपटलं आणि पाणी आलं, अशी कथा आहे. त्या जागेला 'मुट्टिडिच्चान पारै' म्हणतात. मी पाहिलं तेव्हा खडकातल्या ओंजळभर खळग्यात पाणी होतं आणि एक आजी छोट्या वाटीने ते औषधाच्या जुन्या बाटलीत भरत होत्या. झाकण घट्ट लावून त्यांनी बाटली पदराच्या टोकात गुंडाळली. कोणासाठी नेताय असं विचारायला मला भाषा येत नव्हती.

घंटेच्या दगडाबद्दल प्रश्न १९ पाहा.

१४. मृत्यू कसा झाला? कबर कुठे आहे?

१४ जानेवारी १७५२ रोजी अरलवायमोळीजवळ काट्टाडिमलै या डोंगरावर शिपायांनी त्यांना गोळ्या घातल्या. वय एकोणचाळीस. देह जंगलात टाकून दिला. काही दिवसांनी ख्रिस्ती लोकांनी अस्थी गोळा करून कोट्टारच्या संत फ्रान्सिस झेवियर चर्चमध्ये वेदीसमोर पुरल्या. ते चर्च आज कोट्टार धर्मप्रांताचं कॅथेड्रल आहे.

१५. संत घोषित करताना 'पिल्लै' का काढलं? त्यांचं आडनावच होतं ना?

आडनाव नव्हे, जातिवाचक उपाधी. एका निवृत्त सनदी अधिकाऱ्यासह अनेकांनी हरकत घेतली होती: ज्याने जात सोडली आणि त्यासाठी जीव दिला, त्याच्या नावाला जातीचं शेपूट कशाला? रोमने ते मानलं. म्हणून आज अधिकृत नाव 'संत देवसहायम' एवढंच. बाप्तिस्म्याआधीच्या आयुष्याबद्दल लिहिताना 'नीलकंठ पिल्लै' म्हणायला हरकत नाही, मीही वर तसंच केलं आहे. सणाच्या फलकावर मात्र लिहू नका.

आणि हे आपल्यालाही लागू होतं. ज्या वडक्कनकुळमला त्यांचा बाप्तिस्मा झाला, तिथेच एकोणिसाव्या शतकात दोन जातींनी एकमेकांत मिसळू नये म्हणून दोन वेगळ्या बाजू असलेलं चर्च बांधण्यात आलं. मधला आडोसा जायला विसावं शतक उजाडावं लागलं. जातीचा रोग बाप्तिस्म्याच्या पाण्याने आपोआप धुतला जात नाही. महाराष्ट्रातल्या चर्चमध्येही लग्नं जुळवताना काय काय विचारलं जातं हे आपल्याला ठाऊक आहे.

१६. १७५२ ला मृत्यू आणि २०२२ ला संतपद. एवढा उशीर का? हुतात्म्याला चमत्कार लागतो का?

'धन्यवादित' (संतपदाच्या आधीची पायरी) ठरवताना हुतात्म्याच्या बाबतीत चमत्काराची अट नसते, रक्ताची साक्ष पुरते. संतपदासाठी मात्र सहसा एक चमत्कार पडताळला जातो. देवसहायमांना २ डिसेंबर २०१२ रोजी नागरकोईल इथे धन्यवादित घोषित केलं गेलं. पुढचा चमत्कार पोटातल्या बाळाबाबतचा: डॉक्टरांनी बाळ गेल्याचं सांगितलं होतं, प्रार्थनेनंतर हालचाल जाणवली आणि बाळ सुखरूप जन्मलं. त्याला २१ फेब्रुवारी २०२० रोजी मान्यता मिळाली. लगेच कोविड आला, म्हणून सोहळा २०२२ पर्यंत लांबला. त्या दिवशी एकूण दहा जणांना संत घोषित केलं, त्यांत नाझींच्या डाखाऊ छळछावणीत मारले गेलेले टायटस ब्रँड्स्मा हेही होते.

उशिराचं कारण मला साधं वाटतं. धर्मसंघ आपल्या सभासदाच्या संतपदाचा खटला पिढ्यान्‌पिढ्या चालवतो, त्याच्याकडे माणसं आणि पैसा असतो. प्रापंचिकामागे उभं राहायला कोण? कोट्टारच्या सामान्य लोकांनी ती कबर विसरू दिली नाही, म्हणून हे झालं.

१७. सण संक्रांतीच्याच दिवशी येतो. घरी संक्रांत, चर्चमध्ये हुतात्म्याचा सण. कसं करायचं?

सध्या मकरसंक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला पडते, तिकडे पोंगल असतो. १७५२ मध्ये तारखांचा हा मेळ नव्हता, त्यामुळे त्यांना मुद्दाम संक्रांतीला मारलं वगैरे जे सांगितलं जातं त्याला अर्थ नाही. सकाळी मिस्सा करा, संध्याकाळी शेजारच्या काकूंकडे तिळगुळाला जा. एक केल्याने दुसरं बाटत नाही.

१८. बाळाच्या बाप्तिस्म्याला 'देवसहाय' नाव ठेवलं तर चालेल का? आणि हिंदू शेजाऱ्यांसमोर या संताबद्दल बोलावं का?

नाव जरूर ठेवा. मराठीत 'देवसहाय' सहज बसतं, शाळेत कोणाला अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

शेजाऱ्यांशी बोलण्याबद्दल: बोला, पण त्यांना हिंदू-ख्रिस्ती भांडणातलं हत्यार करू नका (प्रश्न १० आणि ११). मला एका मैत्रिणीने विचारलं होतं, 'म्हणजे आमच्या लोकांनी मारलं ना त्यांना?' मी तिला सांगितलं, ज्यांना माणसामाणसांत वरखाली हवं होतं त्यांनी मारलं, आणि तशी माणसं माझ्याही घरात आहेत. त्यानंतर आम्ही दोघी बराच वेळ बोललो.

१९. यात्रेला जायचं आहे. कुठे कुठे जावं?

मुक्काम नागरकोईलला करा. कोट्टारचं कॅथेड्रल शहरातच आहे, तिथून सुरुवात करा. तिरुवनंतपुरमच्या रस्त्याने निघालात की पुलियूरकुरिची, उदयगिरी किल्ला आणि पद्मनाभपुरमचा लाकडी राजवाडा एकाच दिवसात होतात, पुढे मार्तांडमजवळ नट्टालम. वडक्कनकुळम उलट दिशेला आहे, त्यासाठी वेगळा दिवस ठेवा.

काट्टाडिमलै शेवटी ठेवा आणि सकाळी लवकर चढा. अरलवायमोळी ही पश्चिम घाटातली खिंड आहे, वारा तिथे इतका की आसपास नजर जाईल तिथवर पवनचक्क्या दिसतात. टोपी हातात धरूनच चढावं लागतं. वर एक मोठा दगड आहे. शेजारी पडलेला मुठीएवढा धोंडा घेऊन त्यावर आपटला की खणखणीत, घंटेसारखा नाद येतो. प्रत्येक जण एकदा वाजवतो, त्या जागी दगड घासून गुळगुळीत झाला आहे. वाजवून झाल्यावर धोंडा परत तिथेच ठेवा, मागून येणाऱ्याला लागतो.